सतराच्या वर एकतीस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. भाव मात्र पूर्ण आडवा पडल्याचा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो का? भावोजींची दाढ काढली की अजून तारखाच पडताहेत? तिकडे सगळे मजेत असतील असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. तुझी भावजय म्हणते की मला काहीही झालेलं नाही, नुसतं पोटात दुखतंय, आणि ते कशानं दुखतंय हे सगळ्या घराला ठाऊक आहे. (सगळं घर म्हणजे ती एकटीच. पण माझ्याबद्दल बोलताना ती नेहमी सगळ्यांच्या वतीनं बोलते.)

घरात फोन असताना मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तर फोनवर तू मला तीन मिनिटं देतेस. मी घड्याळ लावून मोजली आहेत. पहिलं मिनिट तब्येतीचं, दुसरं मीच आधी फोन का केला नाही याचं, आणि तिसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवते रे, दूध वर येतंय." ताई, तुझ्या घरात माणसं दोन. इतकं दूध तापतं कुणासाठी? पत्राचं तसं नाही. पत्र मध्येच ठेवून देता येतं, पण लिहिणाऱ्याला ते कळत नाही, आणि मला सध्या तेवढं पुरे आहे.

आता मूळ मुद्दा. लोकांनी विचारलं की तू "आमचा धाकटा पाण्याच्या ऑफिसात असतो" एवढं सांगून पुढच्या विषयाला जातेस, म्हणून एकदा नीट सांगतो. मी जलशुद्धीकरण केंद्रात आहे आणि बावीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता या गावाची तुरटी मी ठरवतो. नदीचं पाणी गढूळ येतं. तुरटी घातली की गाळ खाली बसतो. कमी पडली तर लोकांच्या नळाला मातकट पाणी, जास्त झाली तर तोंड तुरट करणारं. म्हणून पाण्याची बरणी खिडकीपाशी उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. अडतीस. बावन्न. जो असेल तो. मग प्रयोगशाळेतल्या काकू काचेच्या सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात वेगवेगळी तुरटी घालून ढवळतात आणि कोणतं भांडं सगळ्यात नितळ झालं ते बघून खरा आकडा देतात. माझा आकडा आणि काकूंचा आकडा यांत वर्षाकाठी फार तर वीस-पंचवीस वेळा नाव घेण्यासारखा फरक पडतो. काकू कुणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत, पण एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुमचा डोळा बरा आहे." मी ती तारीख लिहून ठेवली आहे.

आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर माझा आलेख आहे. आलेखाच्या कागदाचे आठ ताव चिकटवून केलेला. आडव्या रेघेवर पाण्याचा गढूळपणा, उभ्या रेघेवर तुरटी, आणि रोजचा एक ठिपका. साडेसहा हजारांच्या वर ठिपके झाले. त्यांच्या मधून पेन्सिलनं ओढलेली एक वळणदार रेघ, जी मी दर वर्षी खोडून थोडी सुधारून पुन्हा ओढतो. बाहेरून कुणी पाहुणे आले की साहेब त्यांना आधी टाक्या दाखवायचे आणि मग माझी भिंत. मी तेव्हा मुद्दाम कामात असल्यासारखा बसायचो. "दाखवायचे" हा शब्द मी उगाच वापरलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडे तुझी लाडकी आली. (तिला नाव आहे, चांगलं आहे, पण ते मी या पत्रात लिहिणार नाही. तुला ते फोनवर दर रविवारी उच्चारायला मिळतं, तेवढं बस झालं.) तेहेतीस वर्षं तू गणित शिकवलंस, शेकडो मुलं तुझ्या हाताखालून गेली, त्यातली नेमकी हीच आमच्या केंद्रावर यावी? पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या बाईंचे धाकटे भाऊ ना? म्हणजे तुम्ही माझे मामा." झालं. त्या दिवसापासून मी अख्ख्या केंद्राचा मामा आहे. साहेबसुद्धा मामा म्हणतात, आणि ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे आहेत.

त्यानंतर रोजचं "बाई म्हणायच्या" सुरू झालं. बाई म्हणायच्या, आधी चित्र काढा मग गणित करा. बाई म्हणायच्या, उत्तरापेक्षा पायऱ्या बघा. आणि सगळ्यात माझ्या डोक्यात गेलेलं म्हणजे, "बाईंनी आम्हाला आमची चूक कधी दाखवली नाही. ज्याची चूक त्याला सापडली पाहिजे म्हणायच्या. शेजारी हाताची घडी घालून बसून राहायच्या, आम्हाला सापडेपर्यंत. घाई नाही म्हणायच्या." ताई, ही कोण बाई? मी हिला ओळखत नाही. मला जी आठवते ती सोळा वर्षांची होती, मी आठ वर्षांचा होतो, आणि सतराच्या पाढ्यात सतरा आठेला मी एकशे सव्वीस म्हणालो म्हणून तिनं माझी वही खिडकीतून बाहेर फेकली होती. वही शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पिंपात पडली. घडी घालायला तुझे हात तेव्हाही होते. मला वाटतं, तुझा सगळा राग माझ्यावर निघून संपला आणि सगळा धीर परक्या पोरांच्या वाट्याला गेला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. (तक्रार म्हणूनच लिहितोय.)

तर तुझ्या लाडकीनं गणिताचं एक सॉफ्टवेअर आणलं. माझी बावीस वर्षांची रजिस्टरं मागून घेतली आणि दोन महिने बसून त्यातला एकेक आकडा त्यात भरला. मला वाटलं, बरं आहे, पोरगी कामाला लागली. एक दिवस साहेबांना बोलावून तिनं एक ओळ लिहिली, दोन कळा दाबल्या आणि पडद्यावर साडेसहा हजार ठिपके एकदम उमटले. एकदम, ताई. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मला त्याच ठिपक्यांना बावीस वर्षं, चौतीस पेन्सिली आणि एक चष्म्याचा नंबर लागला होता. मग तिनं दुसरी ओळ लिहिली आणि ठिपक्यांच्या मधून एक गुळगुळीत निळी रेघ गेली. साहेब पुढे वाकले. बावीस वर्षांत ते माझ्या भिंतीपाशी कधी वाकले नव्हते. (भिंत उभी आहे, वाकायची गरज पडत नाही, असं तुझी भावजय म्हणते. तिला यातलं काही कळत नाही.)

ती साहेबांना समजावत होती की हे फंक्शन आहे, यात गढूळपणाचा आकडा घातला की तुरटीचा आकडा बाहेर येतो. फंक्शन काय ते मला माहीत आहे. एका खिडकीतून पैसे आत, दुसऱ्या खिडकीतून तिकीट बाहेर, असं तूच कधीतरी सांगितलं होतंस. पण ती जे बाहेर काढत होती ते माझं काम होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या खोलीतला उभा पंखा उचलून तिच्या टेबलाशी ठेवला, कॉम्प्युटर तापू नये म्हणून. मी बावीस वर्षं खिडकीच्या उन्हात तापतोय.

मग साहेबांनी जाहीर केलं की आता पंधरा दिवस परीक्षा. रोज सकाळी मी माझा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, तिनं फंक्शनचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, दोन्ही घड्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात, आणि काकूंची सहा भांडी झाल्यावर डबा उघडायचा. ज्याचा आकडा जवळ त्याचा तो दिवस. पंधरा दिवसांत ज्याचे दिवस जास्त, तुरटीचा आकडा यापुढे त्याचा. मी हरलो तर माझ्याकडे राहणार होतं बागेच्या पाण्याचं रजिस्टर. ताई, बागेला तीन नळ आहेत. त्यातला एक गळतो.

पहिल्या दहा दिवसांत ती सहा, मी चार. चिठ्ठ्या उघडताना ती माझ्याकडे बघून इतकं गोड हसायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती जिंकली तरी हसायची आणि हरली तरी हसायची. हरल्यावर हसणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही. आणि वर सोमवारी सकाळी, "मामा, काल बाईंशी पाऊण तास बोलले." पाऊण तास. तेव्हा दूध कुठे जातं, ताई?

शेवटी मी ठरवलं की आपणही ते सॉफ्टवेअर शिकायचं आणि तिच्याच हत्यारानं तिला हरवायचं. तिच्या कपाटातली माहितीपुस्तिका घरी आणली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन काकूंकडे जाते, पाऊण तास तिचं टेबल मोकळं असतं, आणि कॉम्प्युटर कधीच बंद करत नाहीत कारण तो सुरू व्हायला अर्धा तास घेतो. दहाव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मी दार लोटलं आणि बसलो.

खरं सांगू का, पहिली पाच मिनिटं फार छान गेली. मी सहा आकडे लिहिले, आलेख काढ म्हणालो आणि सहा ठिपके उमटले. खोडरबराची भुकटी नाही, हाताला काळं नाही. मी ते पुसले आणि पुन्हा काढले, नुसतेच. (उभ्या रेघेची सुरुवात मात्र ते यंत्र शून्यापासून करत नाही, वाटेल तिथून करतं, त्यामुळे टेंगळाचा डोंगर दिसतो. माझ्या भिंतीवर असला चावटपणा चालत नाही.) मग फंक्शन करायला घेतलं. त्याला नाव द्यावं लागतं. मी "मी" असं नाव दिलं. त्यात पाच घालून विचारलं, तर उत्तर आलं, मी पाच. पुन्हा विचारलं, पुन्हा मी पाच. दहा विचारलं, मी दहा. माझाच प्रश्न मला परत. पुस्तिकेत बघितलं तेव्हा कळलं की कंसातल्या क्ष या अक्षराशेजारी तळाला एक छोटी आडवी रेघ द्यायची राहिली होती. ती रेघ असली म्हणजे "इथे कोणताही आकडा बसेल" आणि नसली म्हणजे यंत्र फक्त क्ष याच अक्षराला ओळख दाखवतं, बाकी कुणाला नाही. रेघ दिली तर ते उत्तर द्यायला लागलं. मग म्हटलं, क्षला आपणच एक किंमत देऊन बघू. आणि बोटांना दुसरं काही सुचेना म्हणून मी लिहिलं, क्ष बरोबर सतरा. खाली लिहिलं, क्ष गुणिले आठ. यंत्रानं क्षणात सांगितलं, एकशे छत्तीस. वही कुठेही फेकली नाही.

तेवढ्यात पाय वाजले, म्हणून मी सगळ्या ओळी घाईघाईनं पुसल्या. पुसताना वर नजर गेली तर तिच्या फंक्शनचं नाव दिसलं. तिनं त्याला नाव दिलं होतं, "मामा". म्हणजे हे सगळं चाललं होतं ते माझी टिंगल म्हणून. माझंच काम काढून घ्यायचं आणि काढून घेणाऱ्या यंत्राला माझंच नाव. तो आख्खा शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोललो नाही. (तुझी भावजय म्हणते, फार बरे गेले.)

सोमवारी वरच्या धरणाचं दार उघडलं आणि नदी तांबडी झाली. मी बरणी उजेडात धरली आणि पंचेचाळीस लिहिलं. काकूंचा आकडा शेहेचाळीस. तिची चिठ्ठी उघडली तर एकतीस. मला इतका आनंद झाला की मी दोन कप चहा प्यायलो. मंगळवारी पाणी आणखी चढलं, माझे छप्पन्न, काकूंचे चोपन्न, तिचे एकतीस. तिसरा कप घेताना मात्र तो मला गोड लागेना. पाणी बदललं तरी आकडा तोच कसा? संध्याकाळी घरी पुस्तिका चाळताना एका चौकटीत वाचलं, की क्षला एकदा किंमत दिली आणि ती ओळ नुसती पडद्यावरून पुसली, तर पडदा कोरा होतो, यंत्राच्या पोटातली किंमत तशीच राहते. पुढे कुणी त्याच क्षवर फंक्शन नुसत्या बरोबरच्या चिन्हानं लिहिलं, तर यंत्र क्षच्या जागी ती जुनी किंमत घालून तिथल्या तिथे उत्तर काढून मोकळं होतं. मग त्या फंक्शनला काहीही विचारा, उत्तर एकच. बरोबरच्या आधी दोन टिंबं दिली असती तर यंत्रानं विचारेपर्यंत वाट बघितली असती. तुझी लाडकी टिंबं देत नाही. ती रोज सकाळी नवा आकडा भरून सगळं पान वरून खाली पुन्हा चालवते, आणि माझे सतरा तिच्या फंक्शनच्या पोटात जाऊन बसले होते.

तरी मी स्वतःची समजूत काढली की कदाचित दुसरंच काही असेल. बुधवारी, म्हणजे आज सकाळी, सगळ्यांच्या आधी जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. आडव्या रेघेवर सतरावर बोट ठेवलं आणि सरळ वर नेलं. माझी पेन्सिलीची रेघ बरोब्बर एकतीसवर होती.

आणि ताई, हे कळल्यावरसुद्धा मी माझी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि डब्यात टाकली. तिनं तिची टाकली. एकतीस. आता मी सात, ती सहा, दोन दिवस बाकी. साहेबांनी चिठ्ठी दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर वाचली आणि म्हणाले, "हे असंच राहिलं तर शुक्रवारनंतर तुम्ही मीटरदुरुस्तीला जा, इथे लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे." पंखा परत त्यांच्या खोलीत गेला. मला वाटलं होतं, पंखा गेलेला बघून मला गार वाटेल. जेवणाच्या सुट्टीत डबा उचलताना ती मला म्हणाली, "मामा, मी काकूंकडे जाते. टेबल मोकळं आहे." ती तीन दिवस हेच म्हणते आहे. मला तो टोमणा वाटतो, आणि टोमणा नसेल तर त्याहून वाईट.

मी उठून सांगायला हवं होतं. दोन वेळा उठलोही. पण उभा राहिल्यावर असं दिसायचं की साहेब हसतील, काकू माझ्या डोळ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या ते परत घेतील, आणि रविवारी चार वाजता ती तुला फोनवर सांगेल, बाई, तुमच्या भावानं असं केलं. आणि तू म्हणशील, त्याचं सतराशी पहिल्यापासूनच जमत नाही. मी पुन्हा बसायचो.

म्हणून एक विनंती. रविवारपर्यंत थांबू नकोस, हे पत्र मिळताच तिला फोन कर. सहज इकडचं तिकडचं बोल आणि बोलता बोलता, जुन्या बाई म्हणून, सुचव की फंक्शन लिहिण्याआधी क्ष रिकामा आहे ना ते बघावं. माझं नाव मध्ये आणू नकोस. तुझं ती ऐकेल. माझं काम राहील, तिची बदली टळेल आणि कुणाला काही कळणार नाही. भावोजींना नमस्कार. दाढेला लवंग लावायला सांग.

तुझा धाकटा,
(ज्याच्या वाट्याला तू कमी आलीस तो)

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. आता गुरुवार दुपार आहे आणि पाकीट फाडावं लागलं. हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळणार नाही आणि निकाल शुक्रवारी, हे काल तुझ्या भावजयीनं लक्षात आणून दिलं. (बावीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला वार मोजता येत नाहीत, असंही म्हणाली.) म्हणून जेवणाच्या सुट्टीत मीच गुपचूप तिच्या टेबलाशी गेलो, क्ष रिकामा करून निघून यावं म्हणून. पान उघडलं. तिच्या फंक्शनच्या खाली, यंत्रानं वाचू नये आणि माणसानं वाचावं अशा खुणेत, तिनं एक ओळ लिहून ठेवली होती. तारीख सोमवारची. "मामा, सतरा सापडले. तुम्हालाही सापडतील. घाई नाही."

सोमवारची, ताई. पहिली चिठ्ठी हरली त्याच दिवशी तिला सगळं कळलं होतं. मंगळवारचे आणि बुधवारचे एकतीस तिनं जाणूनबुजून टाकले. साहेब बोलले ते ऐकून घेतलं. पंखा जाऊ दिला. आणि रोज टेबल मोकळं करून काकूंकडे गेली. मान वर केली तर ती दारात उभी होती, हाताची घडी घालून.

मी विचारलं, "माझेच सतरा हे कशावरून?" ती म्हणाली, "बाई दर वर्षी वर्गात तुमची गोष्ट सांगायच्या. माझा धाकटा भाऊ सतरा आठेला अडायचा आणि मी त्याची वही बाहेर फेकली. मला शिकवायचं कसं नाही ते त्या दिवशी कळलं, म्हणायच्या." तू हे तेहेतीस वर्षं परक्या पोरांना सांगत आलीस आणि मला एकदा सांगायला तुला तीन मिनिटांत जागा झाली नाही. "मामा" या नावाचं विचारलं तर ती गोंधळलीच. म्हणाली, "सगळे ठिपके तुमचे आहेत. मग नाव दुसऱ्या कुणाचं देणार?" इतके दिवस मी ज्या रेघेवर जळत होतो ती माझीच रेघ होती. निळी केलेली.

ता. क. दुसरा. शुक्रवार संध्याकाळ. काल तसाच साहेबांकडे गेलो आणि सोमवार ते गुरुवार हे माझे चारही दिवस परत केले. साहेबांना क्ष वगैरे काही कळलं नाही, पण चूक माझी एवढं कळलं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी दार उघडं ठेवून पंचवीस मिनिटं घेतली. त्या चार दिवसांचे खरे आकडे तिनं त्या त्या दिवशीच काकूंपाशी लिहून ठेवले होते. (म्हणजे काकूंनाही सगळं ठाऊक होतं.) ते धरून सोमवार-मंगळवार तिचे आणि बुधवार माझा. बुधवारी पाण्याला गाळाखेरीज हिरवट झाक होती, ती फंक्शनला दिसली नाही, मला दिसली. कालचा गुरुवारही तिचाच, आज मी जिंकलो. एकूण ती नऊ, मी सहा. हरलो. यापुढे आकडा फंक्शन देणार, पण बरणी उजेडात धरून मी सही केल्याशिवाय तो तुरटीच्या खोलीत जाणार नाही, हे कलम तिनं साहेबांकडून लिहून घेतलं. रोजचा ठिपका मीच भरायचा, भिंतीवर एक आणि पडद्यावर एक. ती आता बरोबरच्या आधी दोन टिंबं देते. बागेचे तीन नळसुद्धा माझ्याकडे आलेत, शिक्षा म्हणून. पंखा परत आला आहे, मात्र तो दोन्ही टेबलांच्या मध्ये ठेवावा असं तिनं सुचवलं. वारा मला थोडा कमी येतो. मी मोजलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वरच्या पत्रातली विनंती रद्द समज. तिला फोन करू नकोस. पुढच्या रविवारी चार वाजता (परवाच्या नव्हे, तोवर पत्र पोचायचं नाही, या वेळी वार मोजले आहेत) तीही तुला करणार नाही, मी तिच्याकडून तेवढा एक रविवार मागून घेतला आहे. चार वाजता फोन वाजेल तो माझा असेल. दूध आधीच तापवून ठेव. मी सतराचा पाढा म्हणणार आहे. आठापाशी मी थांबेन, तेव्हा तू काही बोलू नकोस. तुझे हात मला फोनवर दिसायचे नाहीत, पण घडी घालून बस.